फोकस कुठे आणि किती

जुन्या मॅन्युअल लेन्सच्या नळीवर अंतराच्या आकड्यांखाली रेघांची एक पट्टी असायची. मध्ये एक खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंना ॲपर्चरचे आकडे जोडीजोडीने कोरलेले. ३५ मिमीच्या लेन्सवर अंतर ३ मीटरला लावलं, ॲपर्चर एफ/८ केलं, की डावीकडच्या ८ पासून उजवीकडच्या ८ पर्यंत जी अंतरं येतील तेवढ्या पट्ट्यातलं सगळं रेखीव येणार, साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंत. मोर्चात किंवा सभेच्या गर्दीत वृत्तपत्रांचे छायाचित्रकार याच भरवशावर, कधी कधी तर कॅमेरा डोळ्याला न लावताच, बटण दाबत. फोकस कुठे ठेवायचा आणि त्याची खोली किती हवी, हे दोन्ही निर्णय एकाच नळीवर होत.

आजच्या बहुतेक लेन्सवर ती पट्टी उरलेली नाही. ऑटोफोकसने ‘कुठे’ हा प्रश्न आपल्याकडे घेतला आणि ‘किती’ हा प्रश्न एफ-नंबरच्या गळ्यात घालून दिला. ‘फोकस हुकला’ म्हणून जे फोटो डिलीट होतात, त्यांतल्या बऱ्याच फोटोंत यंत्राने आपलं काम चोख केलेलं असतं. चूक असते ती या दोन प्रश्नांची ताटातूट झाल्याची.

मुळात ही खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, ही वस्तुस्थिती कमी आणि करार जास्त. लेन्स एका वेळी एकाच अंतरावर काटेकोर फोकस करू शकते. त्या अंतराच्या अलीकडचा-पलीकडचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर चकती होऊन उमटतो. चकती अगदी बारीक असेल तर डोळा तिला बिंदूच समजतो, मोठी झाली की धूसर म्हणतो. बारीक म्हणजे किती बारीक? ३५ मिमी फिल्मच्या काळात ०.०३ मिमी हा आकडा रूढ झाला. त्यामागे ८ बाय १० इंचांच्या आसपासचा प्रिंट सुमारे २५ सेंटीमीटरवरून पाहणारा माणूस गृहीत धरलेला होता. आज २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.००६ मिमीचा असतो, म्हणजे करारातली चकती पाच पिक्सेल रुंद भरते. प्रिंटवर रेखीव दिसणारा कान संगणकावर शंभर टक्के मोठा करून पाहिला की सॉफ्ट वाटतो तो याचमुळे. फुजीफिल्मने आपल्या कॅमेऱ्यांत याची प्रामाणिक सोय केली आहे. स्क्रीनवरच्या डेप्थच्या पट्टीला एक माप पिक्सेलचं लावता येतं, दुसरं फिल्मच्या जमान्याचं. दृश्य तेच, लेन्स तीच, पण एका मापाने पट्टी रुंद दिसते आणि दुसऱ्याने चिंचोळी. यांतलं खरं कुठलं हे फोटो कुठे आणि केवढा पाहिला जाणार यावर ठरतं.

करार मान्य केला की हिशेब सोपा आहे. फुलफ्रेमवर ५० मिमी लेन्स, समोरचा माणूस २ मीटरवर. एफ/१.८ ला एकूण खोली साधारण १७ सेंटीमीटर. एफ/८ ला तीच १.६८ मीटरपासून २.४६ मीटरपर्यंत पसरते. ८५ मिमी लेन्स, एफ/१.४ आणि दीड मीटर अंतर घेतलं तर हातात उरतात जेमतेम अडीच सेंटीमीटर. पापण्या धरल्या तर कान गेले.

सगळ्यांचं लक्ष ॲपर्चरवर असतं, पण या हिशेबात अंतराचं वजन त्याहून बरंच जास्त आहे. एफ-नंबर निम्मा केला की खोली निम्मी होते. अंतर निम्मं केलं तर ती चौथ्या हिश्श्यावर येते. चार मीटरवरून दोन मीटरवर सरकणं म्हणजे खोलीच्या दृष्टीने एफ/८ वरून थेट एफ/२ वर जाणं. किटबरोबर मिळणाऱ्या १८-५५ लेन्सवर मागची पार्श्वभूमी उडत नाही म्हणून महागडी प्राइम घ्यायला निघालेल्यांनी आधी दोन पावलं पुढे टाकून पाहावीत आणि माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आणावं. याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही.

टेलीफोटोने डेप्थ कमी होते, हा समजही अर्धाच खरा. ५० मिमीने २ मीटरवरून आणि १०० मिमीने ४ मीटरवरून, दोन्ही एफ/२.८ ला, चेहरा सारख्याच आकाराचा घेतला तर दोन्हीकडे खोली सुमारे २७ सेंटीमीटरच येते. फरक पडतो मागच्या बाजूला. १०० मिमी लेन्स पार्श्वभूमीचा छोटासा तुकडा मोठा करून दाखवते, म्हणून तिची धूसरता दुधासारखी सलग वाटते. पार्श्वभूमी किती विरघळली ही एक गोष्ट आणि चेहऱ्याचा किती भाग रेखीव आहे ही दुसरी.

उलट्या टोकालाही मर्यादा आहे. सगळंच रेखीव हवं म्हणून एफ/२२ लावलं तर इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश वाकतो आणि अख्खा फोटो थोडा मऊ पडतो. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम या छायाचित्रकारांनी आपल्या गटाचं नावच ‘एफ/६४’ ठेवलं, तेव्हा त्यांच्या हाताशी ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हचे पेटीवजा कॅमेरे होते. त्या आकारावरचं एफ/६४ खोलीच्या हिशेबाने आजच्या फुलफ्रेमवरच्या एफ/८-९ एवढंच भरतं. सह्याद्रीच्या कड्यावरून दरीचा फोटो घेताना २४ मिमी लेन्स, एफ/८ आणि फोकस साधारण अडीच मीटरवर एवढं पुरतं. सव्वा मीटरवरच्या कारवीच्या फुलापासून क्षितिजापर्यंत सगळं मिळतं. फोकस क्षितिजावर ठेवला तर मात्र त्या फुलावर पाणी सोडावं लागतं, आणि ऑटोफोकसच्या हवाली केलं की चौकट बहुतेक वेळा क्षितिजावर किंवा थेट फुलावर बसते. मधल्या रिकाम्या हवेत फोकस ठेवायचं त्याला सुचणार कसं?

आता या ऑटोफोकसचीच कुळकथा. सर्वसामान्यांच्या हातात आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ चा कोनिका सी३५ एएफ. त्यात अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचा मोड्यूल होता. दोन छोट्या खिडक्यांतून दिसणाऱ्या प्रतिमा जुळवून तो अंतर काढायचा. पुढच्याच वर्षी पोलरॉइडने वटवाघळाची युक्ती उचलली आणि आवाजाच्या लहरी सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा कॅमेरा काढला. अंधारात तो छान चाले, पण खिडकीच्या काचेतून फोटो घ्यायला गेलं की फोकस काचेवर. खरा पालट १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० ने घडवला. एसएलआरच्या पोटातच ऑटोफोकस, मोटरही बॉडीतच. बाजारात हा कॅमेरा तुफान चालला आणि त्यापाठोपाठ हनीवेलने पेटंटचा खटला घातला. १९९२ मध्ये मिनोल्टाने १२ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तो मिटवला. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० आणताना आपल्या जुन्या गिऱ्हाइकांचा रोष पत्करून लेन्सचं माउंटच बदललं आणि मोटर लेन्समध्ये घातली. निकॉनने १९५९ चं माउंट टिकवून धरलं. कोण बरोबर, यावर तेव्हा जो वाद पेटला तो पुढे तीसेक वर्षं धुमसत होता.

अंतराची पट्टी गेली ती या धांदलीत. मोटरला झटपट फोकस करायचा तर कडं कमीत कमी फिरायला हवं. पाऊण फेऱ्यात पसरलेली अंतरं पाव फेऱ्यात कोंबली गेली, खोलीच्या रेघा एकमेकींवर चढल्या आणि काही वर्षांनी कुणाला चुटपुटही न लागता त्या गायब झाल्या. मिररलेसच्या काळात कड्याचा भिंगाशी थेट संबंधही संपला. कडं फिरवलं की मोटरला नुसता निरोप जातो. झाइसच्या बॅटिस लेन्सवर आणि निकॉनच्या काही झेड लेन्सवर चिमुकल्या पडद्यावर अंतर आणि खोली पुन्हा दिसू लागली आहे, पण अशा लेन्स हौशी माणसाच्या खिशाच्या बाहेरच्या.

यंत्र फोकस शोधतं ते दोन रीतींनी. पहिली कॉन्ट्रास्टची. भिंग थोडं हलवायचं, चित्र जास्त रेखीव झालं का ते पाहायचं, पुन्हा हलवायचं, आणि शिखर ओलांडलं हे कळल्यावर मागे यायचं. अचूक, पण चाचपडत जाणारी रीत. दुसरी फेज डिटेक्शनची. लेन्सच्या डाव्या आणि उजव्या कडेतून आलेला प्रकाश वेगळा करून दोन प्रतिमा जुळतात का ते पाहायचं. एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून समोर धरलेलं बोट पाहिलं की ते जसं बाजूला उडी मारतं, तशी त्या प्रतिमांमधली सरक मोजायची. सरकेवरून भिंग कुठल्या दिशेला आणि किती हलवायचं हे एका फटक्यात कळतं. वेगवान हालचालींसाठी हीच रीत खरी.

डीएसएलआरमध्ये हे काम आरशाच्या पेटीच्या तळाशी बसवलेला वेगळा मोड्यूल करायचा. लेन्सपासून मोड्यूलपर्यंतचं आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत जुळायला हवं. केसभर फरक पडला तरी फोकस कायम पुढे नाहीतर मागे. २००७ मध्ये कॅनन १डी मार्क ३ आणि निकॉन डी३ मध्ये प्रत्येक लेन्सपुरती दुरुस्ती साठवायची सोय आली आणि फोकस पुढे जातो की मागे हे तपासायला पट्टीला टेकून ठेवलेल्या बॅटऱ्यांचे फोटो काढत बसण्याचा छंद जगभर पसरला. त्यात आणखी एक मेख होती. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरचा पडदा सुमारे एफ/२.८ च्या पलीकडची धूसरता दाखवतच नसे. एफ/१.४ ची लेन्स लावलेल्या माणसाला डोळ्याला दिसायची एफ/२.८ ची खोली आणि फोटोत मिळायची त्याच्या निम्मी. आपण नक्की काय उचलतो आहोत हे डोळ्याला कळतच नसे.

२०१३ च्या कॅनन ७०डी मध्ये सेन्सरवरचा पिक्सेलच दोन भागांत चिरला गेला आणि चित्र घेणारे पिक्सेलच फेज डिटेक्शनही करू लागले. वेगळा मोड्यूल नाही म्हटल्यावर पुढे-मागेची कटकटही संपली. मिररलेस कॅमेऱ्यांचं आजचं राज्य सेन्सरवरच्या फेज डिटेक्शनवर उभं आहे. एक खोड मात्र शिल्लक आहे. बहुतेक सेन्सरांवर ही चिरफाड डावी-उजवी अशी एकाच दिशेने असल्यामुळे निव्वळ आडव्या रेघांचं दृश्य त्यांना नीट कळत नाही. घाटाच्या पायऱ्या समोरून टिपताना किंवा आडव्या पट्ट्यांच्या चटईवर कॅमेरा घुटमळत राहिला तर तो जरा तिरका करून फोकस घ्यावा आणि मग सरळ करावा. २०२२ च्या ओएम-१ मध्ये पिक्सेलचे चार भाग करून यावर उपाय काढला गेला.

सेन्सरने अंतर ओळखायला शिकल्यावर पुढची पायरी वस्तू ओळखण्याची. २०१९ च्या सुमारास सोनीच्या कॅमेऱ्यांत माणसाचा डोळा पकडून त्याच्यामागे जाणारा फोकस सर्रास झाला. ऑलिम्पसने २०२० च्या अखेरीस ई-एम१एक्सला पक्षी ओळखायला शिकवलं. आता पक्षी, कुत्री-मांजरं, गाड्या, विमानं हे मध्यम किमतीच्या बॉडीतही येतं. एफ/१.२ च्या लेन्सची आजची फॅशन याच काळातली, आणि हा योगायोग नाही. अशा लेन्स पूर्वीही होत्या, पण चालत्या माणसाच्या पापणीवर हाताने फोकस ठेवणं हे काम सर्कशीतलं. ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात दिग्दर्शक कुब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडात झाइसच्या एफ/०.७ लेन्सने प्रसंग चित्रित केले, तेव्हा नटाचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर कळावं म्हणून काटकोनात दुसरा व्हिडिओ कॅमेरा लावावा लागला होता. आज तेवढ्याच पातळ पट्ट्यात लग्नाचा फोटोग्राफर नवरीचा डोळा चालता-चालता पकडतो.

डोळा ओळखण्याच्या सोयीने एक जुनी वाईट सवयही मोडली. मधल्या बिंदूने फोकस घ्यायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवायची, असं आपल्यापैकी बहुतेक जण शिकलो. ५० मिमी, एफ/१.४, दीड मीटर अशा वेळी कॅमेरा १५ अंशांनी वळवला तर फोकसचं प्रतल डोळ्यापासून सुमारे ५ सेंटीमीटर मागे जातं. डोळ्याच्या मागे-पुढे खोली असते चार-चार सेंटीमीटरही नाही. फोटो सॉफ्ट, आणि दोष लेन्सला.

यंत्राची खरी परीक्षा हालचालीत. वारीच्या रिंगणातला अश्व घ्या. वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर सेकंदाला ११ मीटर. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग गेला तरी घोडा ५५ सेंटीमीटर पुढे आलेला असतो. २०० मिमी लेन्स, एफ/२.८ आणि १५ मीटर अंतर धरलं तर एकूण खोली ९५ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे पुढे साधारण ४७. घोडा जिथे होता तिथे फोकस ठेवणारं यंत्र हरलंच. म्हणून कंटिन्युअस फोकस घोडा आता कुठे असेल याचं गणित करतो. हे गणित १९८० च्या दशकाच्या शेवटापासून कॅमेऱ्यांत आहे आणि आता ते फार पक्कं झालं आहे. त्याला ठेच लागते ती मध्येच आडव्या आलेल्या पताकेची. मेनूमध्ये ट्रॅकिंगची संवेदनशीलता म्हणून एक सेटिंग दडलेलं असतं, ते अशा वेळी खाली आणावं, म्हणजे पताका फडकून जाईपर्यंत कॅमेरा घोड्याची वाट पाहतो. पाणवठ्यावर अचानक उडणाऱ्या पक्ष्यासाठी हेच सेटिंग वर न्यावं लागतं. कॅमेरा बदलण्याआधी हे एवढं करून पाहणाऱ्यांची संख्या फार मोठी नसावी.

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणजवळ कुंभारगावातून हिवाळ्यात होड्या सुटतात. तिथे एकेका होडीत लाखांच्या लेन्स दाटीवाटीने बसलेल्या असतात. ५०० मिमी, एफ/५.६, रोहित पक्षी २० मीटरवर. खोली सुमारे ५४ सेंटीमीटर, आणि पंख पसरले की पक्षी दीड मीटरच्या आसपास भरतो. दोन्ही पंख कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतील तर दोन्ही रेखीव येतील. तिरका आला की एक पंख हातचा जाणार. एफ/८ करावं तर उजेड कमी, शटर मंदावणार किंवा आयएसओ चढणार. होडी हलते, त्यामुळे शटरशी तडजोड नाही. माझं मत विचाराल तर आयएसओ चढू द्यावा. दाणे सॉफ्टवेअरने निघतात, सॉफ्ट पंख निघत नाही. बर्ड डिटेक्शन डोळा बिनचूक पकडतं हे खरं, पण थव्यातल्या कुठल्या पक्ष्याचा डोळा? ते बहुधा जवळचा किंवा मोठा दिसणारा निवडतं. मागे माशासाठी झटापट चाललेले दोन कुरव त्याच्या लेखी नसतातच. अशा वेळी ओळख बंद करून एकच लहान चौकट बोटाने ठेवणारा माणूस पुढे असतो.

मॅक्रोत तर खोलीचा दुष्काळच. कीटक सेन्सरवर जेवढ्यास तेवढा उतरवायचा म्हटला की एफ/८ ला खोली भरते जेमतेम एक मिलिमीटर. पावसाळ्यात आंबोलीला टॉर्च घेऊन बेडकांमागे जाणाऱ्यांना हे पाठ असतं. ऑटोफोकस बंद करून कॅमेराच पुढे-मागे डुलवत डोळ्यावर आणायचा, किंवा फोकस थोडा थोडा सरकवत पंचवीस-तीस फोटो घेऊन ते एकावर एक रचायचे. हे रचकाम आता काही कॅमेरे आपणहून करतात. बेडूक हलला नाही तर.

फोनने हा सगळा प्रश्नच वेगळ्या वळणावर नेला. त्याची मुख्य लेन्स सहा-सात मिलिमीटरची आणि सेन्सर इवलासा, त्यामुळे एफ/१.८ लिहिलेलं असलं तरी खोली फुलफ्रेमच्या एफ/६ किंवा त्याहूनही जास्तीएवढी. सगळंच रेखीव. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसने दोन लेन्समधल्या फरकावरून अंतराचा नकाशा काढून मागची बाजू सॉफ्टवेअरने पुसायला सुरुवात केली. २०१७ च्या पिक्सेल २ ने तेच काम एका लेन्सवर, चिरलेल्या पिक्सेलांच्या जोरावर केलं. २०१८ पासून आयफोनवर फोटो काढून झाल्यावर एफ/१.४ ते एफ/१६ असा आकडा सरकवता येतो. त्या आकड्याचा भिंगाशी काडीचा संबंध नाही, तो फक्त ओळखीचा वाटावा म्हणून ठेवलेला. मोकळ्या बटा, गजऱ्याबाहेर डोकावणारी कळी, चष्म्याच्या काचेची कड इथे ही लबाडी अजून उघडी पडते. दरवर्षी थोडी कमी. काढल्यानंतर फोकस बदलायचं स्वप्न लिट्रो नावाच्या कंपनीने २०१२ मध्ये खऱ्या प्रकाशकिरणांची दिशा नोंदवून विकलं होतं. तंत्र अस्सल होतं, पण चित्रं बारक्या आकाराची. कंपनी २०१८ मध्ये बंद पडली आणि फोनच्या नकली खोलीने बाजार खाल्ला.

कुठे आणि किती या दोन प्रश्नांना पुन्हा एकत्र आणायचा एक सरळ प्रयत्न होऊन गेला आहे. कॅननच्या ईओएस ६५० मध्ये ‘डेप्थ’ असा एक मोड होता. आधी जवळच्या टोकावर बटण अर्धं दाबायचं, मग दूरच्या टोकावर. कॅमेरा दोहोंच्या मधला योग्य फोकस आणि पुरेसं ॲपर्चर स्वतः काढायचा, आणि तिसऱ्या वेळी फोटो. जुन्या लेन्सवरची पट्टीच, फक्त यंत्राने वाचलेली. पुढच्या काही बॉडींत फोकसबिंदूंवरून दोन्ही टोकं आपोआप धरणारी त्याची आवृत्ती आली. शटर किती मंदावेल यावर ताबा राहत नसे, म्हणून लोकांनी ती वापरली नाही, आणि नव्या मॉडेलांच्या डायलवरून ती निघून गेली.

आज ती परत आणायला अडचण दिसत नाही. लग्नाच्या स्टेजवर तीन रांगांत घरची माणसं उभी आहेत, पहिली आणि तिसरी रांग यांत दीड मीटरचं अंतर. ५० मिमी लेन्स, फोटोग्राफर ५ मीटरवर. एफ/१.८ ला एकूण खोली एक मीटर आणि थोडी वर, एफ/५.६ ला तीन मीटरपेक्षा जास्त. कॅमेऱ्याला सगळ्यांचे चेहरे सापडलेले आहेत, कोण पुढे कोण मागे याचा अंदाज चिरलेले पिक्सेल देऊ शकतात, आयएसओ आपोआप चढवायची सोय असल्यामुळे शटरचं जुनं कारणही उरलेलं नाही. तरीही बहुतेक कॅमेरे नवरीच्या डोळ्यावर हिरवी चौकट ठेवून समाधानाने बीप करतात, आणि अल्बम आल्यावर कळतं की तिसऱ्या रांगेतले मामा सॉफ्ट गेले आहेत.